एका दमात सात मासे

ब्रदरांच्या खिशात पेन कधी सापडायचं नाही, चमचा मात्र हमखास असायचा. साधा स्टीलचा, पोहे खायला घेतो तेवढा. पेन ते रोज माझ्याकडून मागून न्यायचे आणि रोज कुठेतरी ठेवून विसरायचे. चमचा मात्र दिवसातून दहादा साबणानं धुवायचे आणि स्वच्छ फडक्यात गुंडाळून परत खिशात घालायचे. दुपारी बारा वाजता नातेवाईक डबे घेऊन आयसीयूच्या दाराशी उभे राहिले की ब्रदर बाहेर येत. एकेक डबा उघडायला लावत, चमच्यानं थेंबभर कालवण तळहातावर घेत, चाखत, आणि डोळे मिटून विचारात पडत. बाहेरच्या बायकांच्या तोंडचं पाणी पळायचं ते तेव्हा.

"ह्या कोणी रांदला?"

एखादी सून पुढे व्हायची.

"सासरो आवडता मां तुका?"

ती गोंधळून मान हलवायची.

"मगे मीठ घालून मारतंस कित्याक तेका?"

असं सगळ्यांसमोर बोलायचं, आणि वर तो डबा परत पाठवायचा. मला पहिल्या दिवशी हा माणूस अत्यंत उद्धट वाटला. नंतर पावसाळा आला. होड्या किनाऱ्यावर चढल्या, ताजी मासळी बंद झाली, घराघरांत खारवलेले सुके बांगडे निघाले, आणि आठवड्याभरात पायावर सूज आणि छातीत पाणी घेऊन एकामागून एक म्हातारे येऊ लागले. सहाच्या सहा खाटा भरल्या. "दर्या बंद झालो काय आमचो वार्ड उघडता," ब्रदर म्हणाले, आणि चमचा धुवायला गेले.

मालवण किनाऱ्यावरच्या एका लहानशा इस्पितळात मी तेव्हा नोकरीला होते. मी घाटावरची. एमबीबीएस होऊन वर्षही झालं नव्हतं, पण तोरा असा की जणू हृदयाचा शोध मीच लावलाय. ब्रदर आयसीयूचे इन्चार्ज. पंचावन्नच्या आसपासचे, काटकुळे, तोंडवलीहून जुन्या मोपेडवर यायचे. लग्न केलेलं नव्हतं. सगळा गाव त्यांना ब्रदर म्हणायचा, त्यांचे सख्खे पुतणेसुद्धा. आमच्याकडे यायचे ते बहुतेक सत्तरीपुढचे. कोणाचं हृदय थकलेलं, कोणाची फुप्फुसं बिडीनं किंवा चुलीच्या धुरानं गेलेली, आणि पुष्कळांचं दोन्ही.

माझी आणि ब्रदरांची पहिली चकमक माशांवरून झाली. रुजू झाले त्याच दिवशी दोन नंबरच्या खाटेची फाइल उघडली. हृदय निकामी होत आलेले एक आजोबा, पाणीसुद्धा मोजून. आणि फाइलमध्ये ठसठशीत अक्षरात लिहिलेलं: 'सकाळी : सात मासे. संध्याकाळी : नऊ मासे.'

माझं डोकंच फिरलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि तिथल्या मावशींना फैलावर घेतलं. हार्टच्या पेशंटला दिवसाला सोळा मासे कोणी दिले? मावशींनी हातातला झारा खाली ठेवला आणि इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

खरी गोष्ट अशी होती. ब्रदर सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पेशंटजवळ स्टूल ओढून बसायचे आणि सांगायचे, एक मोठो दम घे आणि तो संपासर माशांची नावां सांग. मग म्हातारा सुरू व्हायचा. बांगडो, पेडवो, तारली, सुरमय, मोरी, सौंदाळो... आणि दम संपला की थांबायचा. जितकी नावं, तितके मासे. काल पाच होते आणि आज आठ झाले तर माणूस सुधारतोय. आठाचे पाच झाले तर मॉनिटरवरचे आकडे कितीही चांगले असोत, ब्रदर त्याच्या खाटेजवळून हलत नसत.

एका श्वासात आकडे मोजायला लावून दमाचा अंदाज घेतात, हे मीही पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात आकडे होते. ब्रदरांचं म्हणणं, आकडे कोण मनापासून मोजतो? माशाचं नाव घेताना म्हातारा जीव लावून घेतो. आणि प्रत्येकाला मासेच असंही नव्हे. आतल्या गावचा शेतकरी असेल तर त्याला भाताच्या जाती. एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर होते, ते तळेऱ्यापासून विजयदुर्गापर्यंतचे थांबे सांगायचे; त्यांच्या फाइलमध्ये रोज कुठवर पोचले ते लिहिलेलं असे. एका शाळामास्तरांना एकोणतीसचा पाढा होता.

मी फाइलमधले मासे लाल शाईनं खोडले आणि त्या जागी श्वासांचा वेग लिहिला. ब्रदरांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याशी शुद्ध मराठीत बोलू लागले. "मॅडम, रिपोर्ट आलेले आहेत." "मॅडम, आपण सही करावी." एका नर्सनं मला बाजूला घेऊन समजावलं की ब्रदर शुद्ध बोलायला लागले म्हणजे फार रागावलेत. दोन दिवस मी ते 'आपण' आणि 'करावी' सोसलं. तिसऱ्या दिवशी चार नंबरच्या आजींचे आठाचे चार मासे झाले. मॉनिटर सकाळभर सुरळीत चाललेला. ब्रदर मला बोलवायला आले तेव्हा मी मॉनिटरकडे बोट दाखवलं. तासाभरानं आजींच्या छातीत पाणी भरलं. निभावलं, पण थोडक्यात. संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं आजींच्या फाइलमध्ये लिहिलं, 'तीन मासे.' ब्रदरांनी वाचलं आणि म्हणाले, "चाय घेतलंस काय गो?" राग गेल्याचं मला तेवढ्यावरून कळलं.

शुद्ध मराठी ते आणखी एका ठिकाणी वापरायचे, ते म्हणजे यंत्रांशी. आमच्याकडे दोन व्हेंटिलेटर होते. त्यांतला एक वेळी-अवेळी कोकलायचा. ब्रदर त्याच्यासमोर उभे राहून अदबीनं म्हणायचे, "अहो, काय झालं? जरा शांत राहा. आम्ही पाहतो आहोत." मी एकदा विचारलं, याच्याशी मालवणीत का नाही बोलत? तर म्हणाले, "तो भायरसून इलेलो. तेका आपली भास खंय समाजतली?"

त्यांच्या टेबलाखाली बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा असायचा. त्यात पेशंटांचे चष्मे, कवळ्या, कानातली यंत्रं, प्रत्येकाला नावाची पट्टी चिकटवून. इतर ठिकाणी पेशंट आत घेतला की या वस्तू नातेवाइकांच्या पिशवीत जातात आणि घरी पोचतात. ब्रदर नातेवाइकांना अर्ध्या रस्त्यातून परत बोलवायचे. "तेका दिसणा नाय, आयकाक येणा नाय, तोंडात दात नाय. आणि तुमी म्हणतास म्हातारो बरळता. तुमचा सगळा काडून घेतला तर तुमीसुदा बरळशात." खाटांच्या समोर एक फळा होता, त्यावर तारीख लिहायची आमची पद्धत. ब्रदर तारखेखाली भरतीची वेळ लिहायचे. मला तो पोरकटपणा वाटायचा. पण भांबावून उठलेला एखादा जुना मच्छीमार त्या फळ्याकडे बघायचा, खिडकीकडे बघायचा आणि हळूहळू भानावर यायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पुष्कळदा पाहिलं.

माशांच्या परीक्षेत ब्रदरांना फसवणारा मला एकच भेटला. विजयदुर्गचे एक चाचा, जन्मभर तांडेल म्हणून होडी चालवलेले. नातीचा निकाह आठ दिवसांवर आलेला आणि चाचांना काही करून घरी जायचं होतं. बारा मासे झाल्याशिवाय सोडणार नाही, असं ब्रदरांनी सांगून ठेवलेलं. एका सकाळी चाचांनी एका दमात तेरा मासे सांगितले. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रदरांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

"चाचा," ते म्हणाले, "सगळी बारकी बारकी नावां घेतलास. मोठ्या नावाच्या एका माशाक हात लावक नाय."

चाचा इतके हसले की त्यांना खोकला आला. दोन दिवस त्यांनी लहान नावं निवडून पाठ केली होती. त्यांना निकाहाला जाता आलं. ब्रदरांनी सुट्टी टाकली आणि ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन स्वतः त्यांच्याबरोबर गेले. दुपारी नेलं, दिवे लागायच्या आत परत आणलं. बिर्याणीत चमचा घातला असणार याबद्दल मला शंका नाही.

असा हा माणूस. मी त्यांना विक्षिप्त म्हणायचे, तोंडावर म्हणायचे, आणि ते खूश व्हायचे. पण त्यांच्यात विक्षिप्तपणापलीकडचं काय होतं ते मला कळलं एका म्हातारीमुळे.

ती आतल्या गावची, तळेऱ्याच्या बाजूची. भातशेती, थोडे काजू, गोठ्यात गुरं. वय कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पंचाहत्तर म्हणून लिहिलं होतं. उभा जन्म चुलीपुढे गेलेला. धुरानं फुप्फुसं गेली होती आणि त्यांच्यापायी हृदयाची उजवी बाजू थकली होती. तिला घेऊन दोन मुलगे आले होते. थोरला शेती बघणारा, धाकटा मुंबईत नोकरीला. आम्ही तिला तोंडावर पट्ट्यांनी आवळायचा मास्क लावला, त्यातून यंत्र जोरानं हवा देतं. ब्रदरांनी तिला मासे न विचारता गायी विचारल्या. आजवर पाळलेल्या सगळ्या गायींची नावं तिला पाठ होती. पहिल्या दिवशी फाइलमध्ये लागलं, 'सहा गायी.'

तिसऱ्या दिवशी सकाळी पाच गायी झाल्या. दहा वाजता तीन. अकराला दोन, आणि दुसऱ्या गाईचं नाव अर्धंच आलं. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगत होता. आमचे मोठे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, मास्कवर आता ती टिकणार नाही, घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागेल. जगण्याची शक्यता निम्मीशिम्मी. घरच्यांना विचारा, त्यांचं काय ते ठरू द्या, फार वेळ नाही. आणि ते पलीकडच्या ऑपरेशनला गेले.

मी मुलांना बाहेर बोलावून सांगितलं. धाकटा खाली बघत राहिला. थोरला म्हणाला, "कौल लावन बघतंव."

हा कौल म्हणजे गावच्या देवळात देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या नाहीतर कळे चिकटवायचे, गुरवानं देवाला प्रश्न घालायचा, आणि उजवीकडचं आधी पडलं की हो, डावीकडचं पडलं की नाही. लग्न असो, जमिनीचा वाद असो, या भागात पुष्कळ घरं देवाला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. हे मला माहीत होतं. पण आत एक बाई श्वासाला महाग झालेली, आणि हे पाकळी पडायची वाट बघणार! मी थोरल्यावर तोंड टाकलं. काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते.

ब्रदर आतून आले. मला वाटलं, हे तरी त्याला झापतील. पण ते थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कौल लाव, पण तू जाव नको. गावात फोन कर. चुलतो आसा मां? तेका गुरवाक घेवन देवळात जावक सांग. अर्ध्या तासाच्या आत उत्तर होया." थोरल्यानं फोन लावला. मी ब्रदरांकडे रागानं बघितलं. ते आत जाऊन नळी घालायचं सामान काढून ठेवू लागले. भूलतज्ज्ञांनाही त्यांनी बोलावून घेतलं होतं.

पंचवीस मिनिटांत फोन आला. थोरला ऐकता ऐकता रडायला लागला. "देवान उजवो दिल्यान. आवशीक घराक हाडूक सांगल्यान." म्हणजे आईला घरी आणायचं. धाकट्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि गाडी सांगायला गेला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मलाही सुटल्यासारखं वाटलं. कौलाचा राग होता तो होता, पण निकाल माझ्या मनासारखा लागला होता. एवढं वय, जीर्ण झालेली कुडी, तिच्या घशात नळी घालायची, हात बांधायचे, आणि शेवटी जायचंच असेल तर घरच्या ओटीवर, माणसांत जाऊ दे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना फोनवर कळवलं आणि घरी नेण्याचा कागद भरायला घेतला. थोरला सही करणार एवढ्यात ब्रदरांनी तो कागद उचलला, वाचला आणि म्हणाले, "तिका कोणी विचारल्यान?"

"तिका काय विचारतलास, ब्रदर?" थोरला म्हणाला. "तिची ही अशी दशा."

"शुद्धीर आसा ती," ब्रदर म्हणाले. "चल आत."

धाकटाही गाडी सांगून परतला होता; आम्ही चौघं आत गेलो. ब्रदरांनी पत्र्याच्या डब्यातून तिचा चष्मा काढून तिच्या डोळ्यांवर, मास्कच्या पट्ट्यांखालून, कसाबसा बसवला. स्टूल ओढून तिच्या तोंडाशी तोंड नेऊन बसले.

"आये, आयक. तुजो दम संपत इलो हा. आता दोन वाटो आसत. एक वाट, घशात नळी घालून यंत्रार ठेवतलो. आठ-धा दिवस. बोलाक येवचा नाय, दुखतला, तरास होतलो. आणि तेवढा करून तू जगतलंस असा माका सांगूक येणा नाय. दुसरी वाट, घराक जावचा. थंय गेलंस तर आज नायतर उद्या सरतलंस. तुका काय होया?"

मरणाऱ्या बाईशी असं कोणी बोलतं का? मी त्यांना थांबवायला पुढे झाले. पण म्हातारीनं सगळं ऐकलं होतं. तिनं थोरल्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे. मग हातानं मास्क दाखवला. ब्रदरांनी तो दोन बोटं वर उचलला.

"नळी... घाल," ती म्हणाली. श्वास घेतला. "माका... मराचा नाय हा."

थोरला हुंदके देत पुढे झाला. "आये गो, घराकडे सगळे तुजी वाट बघतत. अख्खी वाडी जमली हा."

"बघूं देत," म्हातारी म्हणाली. ब्रदरांनी मास्क परत बसवला.

आता थोरल्याची अवस्था बघवत नव्हती. एकीकडे आई, दुसरीकडे देव. तो खरोखर भ्यायला होता. घरात अजून पोरंबाळं होती, देवाचा शब्द मोडला तर त्यांच्यावर काय येईल, हे भय त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "देवाच्या शब्दाभायर कसो जाव मी?" तो ब्रदरांना म्हणाला.

ब्रदर त्याला हसले नाहीत. गंभीरपणे विचारलं, "देवाक काय विचारल्यानी? शब्द काय घातल्यानी?"

"आवशीक घराक हाडू काय."

"आणि देव हाड म्हणालो."

"होय."

"कदी हाडूचा, ता विचारल्यानी?"

थोरला विचारात पडला. "नाय. ता विचारूक नाय."

"मगे! देवान घराक हाडूक सांगल्यान, आपण हाडतलो. बरी करून हाडूया."

थोरल्यानं बाहेर जाऊन परत फोन लावला. गुरवाशीच बोलला. गुरवाचंही तेच पडलं, की वेळेचा शब्द घातलेला नव्हता. थोरला परत आला, डोळे पुसले, आणि नळीच्या कागदावर सही केली. पेन माझंच होतं. ब्रदर ते घेऊन गेले ते अजून परत आलेलं नाही.

त्यानंतरचे नऊ दिवस मी फार भीतीत काढले. एखाद्या दिवशी ती जाईल आणि मुलगे म्हणतील, बघा, देवानं सांगितलं होतं, असं मला सारखं वाटायचं. खरं सांगायचं तर तिच्या मरणापेक्षा मला त्या बोलण्याची जास्त धास्ती होती. ब्रदरांना तसलं काही वाटत असेल तर दिसलं नाही. त्यांनी तिचे हात बांधू दिले नाहीत. त्याऐवजी सून, धाकटा आणि थोरला यांच्या पाळ्या लावल्या. एकानं कायम हात धरून बसायचं, म्हणजे ती झोपेच्या गुंगीत नळी ओढणार नाही. कूस बदलायची झाली तरी ते आधी तिच्या कानाशी जाऊन विचारायचे, आणि तिनं पापणी मिटली की मगच हात लावायचे. पाचव्या दिवशी ताप आला. सातव्या दिवशी उतरला. नवव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी नळी काढली, आणि तिनं घोगऱ्या आवाजात पहिला शब्द काढला तो ब्रदरांना शिवी होता. तो मला इथे लिहिता येणार नाही.

आणखी सहा दिवसांनी ती घरी गेली. खाटेपासून चाकाच्या खुर्चीपर्यंत पाच पावलं स्वतः चालली. घरी लावायचं ऑक्सिजनचं यंत्र गाडीत ठेवलं. चूल बंद, गॅसवर रांधायचं, असं मी सुनेकडून तीनदा वदवून घेतलं. थोरला माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरले, मला ते घेण्याचा काही अधिकार नव्हता. "ब्रदर खंय आसत?" त्यानं विचारलं. पेशंट घरी जाताना ब्रदर नेहमी फाटकापर्यंत यायचे. त्या दिवशी ते कुठे दिसेनात. गाडी गेली.

मला ते मागच्या बाजूला सापडले, धुतलेले मास्क वाळत घालतात त्या पायरीवर. मी शेजारी बसले. त्यांना खूश करावं म्हणून म्हणाले, "ब्रदर, तुम्हाला बरोबर कळलं हं, तिला जगायचंय ते. आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं."

"माका खंय कळला?" ते म्हणाले. "माका वाटला होता, ती घराकच म्हणतली."

मी उठणार होते. तेवढ्यात त्यांनी स्वतःहून सांगायला सुरुवात केली. त्यांच्या आईलाही हाच आजार होता. नर्सिंगमध्ये त्यांची दहा वर्षं झाली होती तेव्हा. दुसऱ्या एका इस्पितळात तिला ठेवलेलं, आणि नळी घालायची वेळ आली. "माका सगळा ठावक होता मां," ब्रदर म्हणाले. "किती जण जगतत, किती नाय. मी कोणाक विचारूक नाय. सही केलंय आणि तिका गाडीत घातलंय. गावात सगळ्यांनी नावाजल्यानी माका. आवशीचो झील असो होयो, म्हणाले."

"आणि आई?"

"वाटेर तिणा डोळे उघडल्यान. म्हणाली, खंय व्हरतंस रे माका? मी म्हटलंय, घराक. ती म्हणाली, आणि डाक्टर? तो थंयच रवलो मां?"

त्यांनी एक मास्क उचलला आणि उलटसुलट करून बघितला. तो कोरडा झालेला होता.

"मग गाडी फिरवायची होती, ब्रदर," माझ्या तोंडून निघून गेलं. बोलले आणि जीभ चावली.

"होय," ते म्हणाले. "फिरवची होती. पण घराकडे माणसां जमली होती."